आधी भिंत दाखवा, मग तिजोरीचं बोलू

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या, नंदगडच्या बाजूच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घर जुनं, कौलारू, मातीच्या भिंतींचं. चार वर्षांपूर्वी मागच्या अंगाला स्लॅबची एक खोली वाढवली. सासऱ्यांच्या वेळची लोखंडी तिजोरी माजघरात आहे, तिची एकच किल्ली उरली आहे आणि तीही हल्ली अडकते. सासूबाईंचं आणि स्वतःचं मिळून बारा-तेरा तोळे सोनं, थोडी चांदी आणि जमिनीचे कागद. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, हे धूड भंगारात घाला, ऑनलाइन ‘फायरप्रूफ डिजिटल’ मागवू. ताईंचं माहेर निपाणीकडचं. २०१९ च्या पुरात तिथं ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला, म्हणून पाण्याचीही धास्ती. कोणती तिजोरी घ्यावी?

ताई, नमस्कार. मी तिजोऱ्या आणि कुलपं दुरुस्त करतो. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पत्रा वाकवायला, जोडायला शिकलो, मग कुलपांकडं वळलो. एकतीस वर्षं झाली. चोरांनी फोडलेल्या तिजोऱ्या मी पाहिल्या आहेत, खरं सांगायचं तर माझ्या कामात त्यांचा वाटा थोडाच. जास्त वेळा मी जातो ते मालकालाच तिजोरी उघडून द्यायला. किल्ली हरवली, बॅटरी गेली, फरशी खचून दार बसलं, पावसाळ्यात खटका गंजला. तेव्हा तुमच्या प्रश्नाला चोरापासून सुरुवात करायची माझी पद्धत नाही. आधी विचारतो, तिजोरी कशावर उभी राहणार?

मुलाला जी ऑनलाइनची पेटी आवडली आहे तिचं एक साधं गणित त्याला करायला सांगा. लोखंडी पत्रा एक चौरस मीटर घेतला आणि जाडी एक मिलिमीटर धरली तर वजन भरतं ७.८५ किलो. आता पेटीचं माप धरू ३५ बाय २५ बाय २५ सेंटिमीटर. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ होतं ०.४७५ चौरस मीटर. याचा अर्थ जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला पावणेचार किलो. पेटीचं वजन आठ किलो लिहिलं असेल तर पत्रा सरासरी दोन मिलिमीटर, तोही कुलूप, खटके, बॅटरीचा कप्पा यांचं वजन वजा न करता. अंग जाड दिसतं, कारण पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या असतात. आणि दोन पत्र्यांच्या मध्ये आग अडवणारा मालच नसेल, तर ‘फायरप्रूफ’ हा शब्द त्या पेटीवर फक्त छापलेला आहे. जाहिरात काहीही म्हणो, वजन खोटं बोलत नाही. हा ताळा मी गिऱ्हाइकाला दुकानातच करून दाखवतो, कागदावर.

आठ किलोची पेटी फोडायची गरजच काय? उचलून न्यायची. खालच्या बाजूला दोन-चार भोकं आणि सोबत बोल्ट देतात, ते बोल्ट पुष्कळ घरांत पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहतात. पेटी साड्यांच्या कपाटात, घड्यांवर ठेवलेली. एका घरी चोरी झाल्यावर मला बोलावलं होतं, ‘कुलूप कसं उघडलं ते सांगा’ म्हणून. कुलूप बघायला पेटी कुठं होती? कपाटात साडीवर चौकोनी ठसा तेवढा होता.

म्हणून वजन आणि पकड. तुमची जुनी तिजोरी वजनात जिंकतेच. तिला दोघांना पेलता येत नाही, रात्री आवाज न करता तर नाहीच. या धंद्यात आम्ही तिजोरीला वेळेनं मोजतो. बाहेरच्या देशांत तिजोऱ्यांवर टीएल-१५, टीएल-३० असे शिक्के असतात. त्याचा अर्थ, चाचणी घेणारा जाणकार कारागीर हत्यारं घेऊन बसला तर निदान पंधरा किंवा तीस मिनिटं दार दाद देत नाही, आणि हत्यार लोखंडाला लागलेलं असेल तेवढाच वेळ मोजतात, दम खाल्लेला नाही. पंधरा मिनिटं! बँकेच्या थाटाच्या तिजोरीचा हा हिशेब. न फुटणारी तिजोरी कुणीच बनवत नाही. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोचं तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे. नवी घ्यायची झाली तर विक्रेत्याला या क्रमांकाविषयी विचारा. त्याचा चेहराच बरंच काही सांगतो.

आता भिंत. मातीच्या भिंतीत बोल्ट मारून काही उपयोग नाही. पहारीनं दोन हिसके दिले की बोल्ट मातीच्या गोळ्यासकट हातात येतो. तुमच्या भागात नव्या खोल्या बऱ्याचदा चिऱ्याच्या असतात. चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, बांधकामाला छान, खरं भोक पाडताना आतून भुगा होतो आणि साधा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट, त्यात गरागरा फिरतो. चिऱ्यात रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या गोंदाचा, अँकर धरतो: भोक फुंकून, ब्रशनं अगदी स्वच्छ करायचं, रेझिन भरायचं, दांडा फिरवत बसवायचा आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. पोकळ सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर तिच्या नादाला लागूच नका.

भिंतीपेक्षा मला जमीन जवळची वाटते. पण तिथंही फसगत आहे. स्लॅबची खोली म्हटलं की लोकांना वाटतं खाली सगळं काँक्रीट. छताला स्लॅब असतो. तळाला असते फरशी, तिच्याखाली दोन-तीन इंच कोबा आणि त्याखाली मुरमाची भर. शहाबादी फरशीतून मुरमात मारलेला बोल्ट म्हणजे दह्यात काडी. तुमच्या नव्या खोलीच्या कोपऱ्यात तिजोरीच्या मापाहून चारी बाजूंना निदान चार इंच जास्त अशी फरशी कापून काढा. आठ-नऊ इंच खोल खणा, खाली धुमस मारा, दहा मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी घाला आणि निदान सहा इंच जाडीचं चांगलं काँक्रीट टाका. बोल्ट ओल्यातच उभे करून ठेवा, १२ मिलिमीटरचे चार, तिजोरीच्या तळाच्या भोकांशी माप जुळवून. निदान सात दिवस पाणी मारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, तेव्हा तिजोरी ठेवायची घाई नको. गवंडी म्हणेल, ‘उद्या ठेवा, काय होत नाही.’ होतं.

काँक्रीटचा हा ओटा फरशीच्या वर एक वीत उचलून घ्या. ओल, वाळवी आणि फरशी धुतल्याचं पाणी, तिन्हीपासून ते बरं. आणि ठेवताना पाणसळ लावून बघा. चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळ्या मातीवरच्या घरांत मला हेच काम जास्त पडतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी एका कडेनं उचलते आणि अडीचशे किलोची तिजोरी किंचित कलते. दार स्वतःच्याच वजनानं एका बाजूला ओढलं जातं, खटके आपल्या खाचांना घासायला लागतात. मालक म्हणतो कुलूप बिघडलं. तेल ओततो. मी जातो, कोपऱ्याखाली लोखंडी पट्टी सारतो आणि दार लोण्यासारखं फिरतं. तुमची किल्ली अडकते त्याचं कारणही हे असू शकतं. माजघरातली जमीन शेणानं सारवलेली असेल तर नक्कीच बघा.

पहिल्या मजल्यावर तिजोरी चढवायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून हिशेब करतात. तीनशे किलोची तिजोरी दोन फूट बाय दोन फूट जागेत उभी केली तर तिच्या तळाखाली तोच भार चौरस मीटरला आठशे किलोच्या वर जातो. बीमजवळ, भिंतीलगत ठेवली तर निभावतं. खोलीच्या मधोमध नको, आणि जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर तर मुळीच नको.

मुलाचा मुद्दा आगीचा होता. तो बरोबर आहे, खरं त्याचं उत्तर त्या पेटीत नाही.

चोरीची तिजोरी आणि आगीची तिजोरी या दोन निराळ्या वस्तू आहेत. चोर अडवायला जाड, कठीण लोखंड लागतं, आणि लोखंड उष्णता झरझर आत पोचवतं. आग अडवायला दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता खाणारा माल लागतो. आमच्या धंद्यातली गंमत अशी की तो माल म्हणजे पाणीच. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. ते तापलं की वाफ होऊन सुटतं आणि तेवढा वेळ आतला भाग थंड राहतो. जुन्या काळी त्या जागी तुरटी आणि भुसा भरत, कारण तुरटीतही पाणी असतं. काही जुन्या तिजोऱ्यांत ॲस्बेस्टॉसही असे. म्हणून तुमच्या तिजोरीच्या अंगात कुणाला हौसेनं ड्रिल मारू देऊ नका. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आगीच्या तिजोरीवर तीन आकडे असावे लागतात: बाहेर किती तापमान, किती वेळ, आणि आत किती अंशांच्या वर गेलं नाही. कागदासाठी आतली मर्यादा साधारण १७७ अंश सेल्सिअस धरतात, त्याच्या वर कागद करपायला लागतो. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क यांच्यासाठी मर्यादा ५२ अंश. म्हणजे कागद वाचवणाऱ्या तिजोरीत लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क शिजून निघते. तासाभराच्या चाचणीत भट्टी ९०० अंशांच्या वर नेतात. हे तीन आकडे नसतील तर ‘फायरप्रूफ’ म्हणजे शोभेचं लेबल.

आणि सोनं? शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला. घरातल्या आगीत लोखंडी तिजोरीतलं सोनं बहुतेक वाचतं. पण आपल्या दागिन्यांत नुसतं सोनं कुठं असतं? बोरमाळेचे मणी, पोकळ पाटल्या, जुनी वज्रटीक, यांच्यात लाख भरलेली असते आणि लाख साधारण ७५-८० अंशांना पाघळते. नथीचे मोती तर त्याहून नाजूक. आग लागून गेल्यावर सोन्याचं वजन तेवढंच भरेल, सासूबाईंची बोरमाळ मात्र ओळखू येणार नाही. हे सराफाला विचारून बघा, तोही हेच सांगेल.

आग विझल्यावरची एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. तिजोरी लगेच उघडायची नाही. आतले कागद तापून सुकलेले असतात, दार उघडलं आणि हवा आत गेली की डोळ्यांदेखत भपकन पेटतात. पूर्ण गार होऊ द्या, निदान एक दिवस. बाहेरून हाताला गार लागली म्हणजे आतून गार झाली असं नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हाच्या आगीत गोदरेजच्या तिजोऱ्यांतली चीजवस्तू शाबूत निघाली. माझा उस्ताद ही गोष्ट दर नव्या पोराला सांगायचा. त्यामुळंच की काय, आपल्याकडं कुठल्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’ म्हणतात आणि आतल्या चोरकप्प्याला तिजोरी. तो चोरकप्पा म्हणजे एकेरी पत्रा आणि चिमणीएवढं कुलूप. त्यात ठेवलेलं सोनं घरातल्या लहान पोरांपासून सुरक्षित असतं, एवढंच मी म्हणेन.

पुराचं वेगळं बोलायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हमरस्त्यावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली, ते तुमच्या माहेरच्यांनी पाहिलंच असेल. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर मी दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांत कामाला गेलो होतो. तिजोऱ्या जागेवर होत्या, चोरीचा प्रश्नच नव्हता, पण दार उघडलं की आतून गढूळ पाणी आणि बोटभर गाळ. आग अडवणारी तिजोरी पाणी अडवत नाही. दाराच्या फटीतून, बोल्टच्या भोकातून पाणी येतंच. वर आगीचा माल भिजला की महिनोन्महिने ओल धरून बसतो. हलकी पेटी तर सुरुवातीला तरंगते: मघाच्या मापाची पेटी बावीस लिटरची, वजन आठ किलो, बंद घागरीसारखीच ती. पाणी शिरेपर्यंत घरभर फिरते, मग कुठंतरी गाळात बसते.

पुराला उपाय एकच, उंची. माहेरी कागद २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर ठेवायला सांगा. भिंतीवर ती खूण अजून दिसत असेल तर रंग देऊन झाकू नका. कागद आधी प्लास्टिकच्या जाड पिशवीत, तोंड नीट बंद करून, मग डब्यात. भिजलेच तर उन्हात पसरू नका, कडक उन्हात कागद वाकडा होतो आणि चिकटतो. गाळ स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, पानांच्या मध्ये कोरा टिपकागद घाला, सावलीत पंख्याखाली ठेवा. ढीग मोठा असेल आणि दोन दिवसांत उरकणार नसेल, तर पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवा. लोक हसतात, पण गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही आणि नंतर सवडीनं एकेक पान सोडवता येतं. कुलपात गाळ गेला असेल तर किल्ली जोरानं फिरवू नका, लीव्हरच्या, म्हणजे किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या, फटीत वाळू अडकून किल्लीचा दात मोडतो.

तुमच्याकडं पूर नाही, पाऊस आहे. कणकुंबी-जांबोटीकडून येणारा पावसाळा चार महिने भिंती सुकू देत नाही. मातीच्या भिंतीला टेकवलेल्या तिजोरीच्या पाठीला मी हात घातला आहे, पापुद्रे निघतात. शिवाय वाळवी. ती मातीच्या भिंतीतून निघते आणि तिजोरीच्या पाठीमागच्या भोकातून सरळ वाटणीपत्रावर. म्हणून पाठ आणि भिंत यांच्यात बोटभर हवा सोडा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करता येतात, मात्र स्वयंपाकाचा तवा वापरू नका. मोत्यांच्या शेजारी मात्र ही पुडी नको. मोत्यात थोडं पाणी असावं लागतं, फार कोरड्यात तो तडकतो. नथ मऊ सुती कापडात वेगळी ठेवा. चांदी रबर बँडनं बांधू नका, रबरातल्या गंधकानं काळा पट्टा उमटतो.

आता किल्ली. हा माझा खरा विषय.

आधी थोडं भाषेचं. आपल्याकडं कानडी बोलणारं गिऱ्हाईक ‘कीली’ म्हणतं ते कुलपाला, किल्लीला त्यांच्यात ‘कीलीकै’. सुरुवातीला फोनवर ‘कीली बिघडली’ ऐकून मी कानस आणि कोरी किल्ली घेऊन बैलहोंगलपर्यंत गेलो, तिथं आख्खं कुलूप जाम. तेव्हापासून विचारून घेतो, दारातलं की हातातलं?

एका घरी वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर तिजोरीची किल्ली सापडेना. तेराव्यानंतर सगळे भाऊ जमले, मला बोलावलं. चार तास लागले. आत काय होतं? २०१६ च्या नोव्हेंबरात बंद झालेल्या हजाराच्या नोटांचं एक बंडल, सोसायटीच्या पावत्या, आणि त्याच तिजोरीची दुसरी किल्ली. लाल दोऱ्यात ओवलेली. हसू नका, डिजिटल पेट्यांबरोबर येणारी आणीबाणीची किल्ली लोक आजही पेटीतच ठेवतात, कारण ‘ती महत्त्वाची आहे’.

तुमच्या तिजोरीचं कुलूप बहुधा लीव्हरचं असेल. ते काढून, खोलून, स्वच्छ करून, झिजलेले लीव्हर बदलून नव्या दोन किल्ल्या बनवता येतात. रस्त्यावर बसून सायकलच्या किल्ल्या बनवणाऱ्याकडून नुसती नक्कल करून घेऊ नका. झिजलेल्या किल्लीची नक्कलही झिजलेलीच होते, आणि तुमच्या किल्लीचा नमुना कुणाकडं राहिला ते कळत नाही. खोबरेल तेल ओतलं आहे का? शंभरातल्या नव्वद घरांत ओतलेलं असतं. चार दिवस बरं चालतं, मग धूळ धरून त्याची चिकी होते. लीव्हरच्या कुलपाला ग्रॅफाइटची कोरडी पूड लागते, पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूडही चालते, चिमूटभर.

दुसरी किल्ली दुसऱ्या घरात, विश्वासाच्या माणसाकडं किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. पहिली कुठं ठेवायची ते मी सांगणार नाही. पण कुठं नको ते सांगतो: देव्हाऱ्यामागं, तांदळाच्या डब्यात, कपाटाच्या माथ्यावर, गादीखाली. एकतीस वर्षं मला घरमालक किल्ली काढून देतात ती याच चार ठिकाणांहून, मग चोराला काय वेगळं शोधायचं? गावची महालक्ष्मीची यात्रा असली, घरी लग्न असलं, की आठ दिवस शंभर माणसं माजघरातून ये-जा करतात. तेव्हा तर किल्ली अंगावरच बरी.

बोटाच्या ठशाच्या कुलपाविषयी एवढंच की तंबाखू, ऊस, भात यांत राबणाऱ्या हातांचे ठसे मशीनला पटकन सापडत नाहीत. डिजिटल घेतलीच तर कारखान्यातून आलेले दोन्ही कोड, वापरणाऱ्याचा आणि मालकाचा, पहिल्याच दिवशी बदला. बॅटरी वर्षाला बदला, जुनी गळली की सर्किट खाते.

बारा-तेरा तोळे सगळंच घरात ठेवायचं का? नको. वर्षातून दोनदा अंगावर येणारं बँकेत ठेवा. लॉकरचे नियम रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२२ पासून बदलले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच नोकराची लबाडी, यांत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख, मग आत कितीही असो. पूर, भूकंप, वीज अशा गोष्टींत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढीही नाही. तीन वर्षं भाडं थकलं तर बँक रीतसर नोटीस देऊन लॉकर फोडू शकते, सात वर्षं कुणी फिरकलंच नाही तर भाडं भरलेलं असूनही. नॉमिनीचं नाव लावायला विसरू नका. आणि एक, आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द सोसायट्या, म्हणजे सहकारी पतसंस्था, आहेत, त्यांतल्या काही लॉकरही देतात. सोसायटी चांगली असेलही, पण ती बँक नव्हे, रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिला लागू नाहीत. करार वाचून मगच सही करा.

घराचा चोरीचा विमा काढणार असाल तर एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा: दागिने कितीपर्यंत, आणि किल्लीनं उघडून चोरी झाली तर काय. पुष्कळ पॉलिसींत दार किंवा तिजोरी जबरीनं फोडल्याची खूण लागते. दागिन्यांचे फोटो, वजनं आणि सराफाच्या पावत्या तिजोरीच्या बाहेर ठेवा, नाहीतर मालाबरोबर पुरावाही जायचा.

कागदांची विभागणी करा. नोंदणी झालेल्या खरेदीपत्राची सही-शिक्क्याची नक्कल सब-रजिस्ट्रार कचेरीतून मिळते, कर्नाटकात ‘कावेरी’ संकेतस्थळावरूनही मागवता येते. जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, तर केव्हाही निघतो. त्यांच्यासाठी जीव टाकू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते वेगळं काढा: घरातल्या घरात लिहिलेलं वाटणीपत्र, जुन्या पावत्या, आणि सासऱ्यांच्या दप्तरात मोडीतले कागद असतील तर तेही. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढून मुलाकडं एक प्रत पाठवा.

तर तुमच्या घरापुरतं माझं म्हणणं असं. जुनी तिजोरी विकू नका. भंगारवाला किलोचा भाव देईल, तेवढं लोखंड आज नव्यानं घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. मुलानं ठरवलेले पैसे ओट्याला, कुलपाला आणि एका छोट्या, पण खरे तीन आकडे असलेल्या आगीच्या पेटीला घाला. ती पेटी जुन्या तिजोरीच्या आत ठेवा, पुन्हा न मिळणारे कागद आणि बोरमाळ तिच्यात. चोराला जुनं लोखंड अडवेल, उष्णतेला नवी पेटी. पेटी घेण्याआधी तिजोरीच्या दाराच्या मोकळ्या तोंडाचंही माप घ्या, नुसतं आतलं नव्हे. दारातून आत न जाणारी पेटी घेतलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

तिजोरी माजघरातून मागच्या खोलीत न्यायची ती भाताची कामं उरकल्यावर, माणसं मोकळी असताना. आधी पूर्ण रिकामी करा. दार कुलूपबंद असू दे, वाटेत उघडलं तर कुणाची बोटं जातील. मात्र नेण्याआधी किल्ली दोनदा फिरवून खात्री करा आणि ती तुमच्या हातात ठेवा. पाइपाचे तीन रूळ, दोन पहारी, फरशीवर जाड प्लायवुड, आणि एकच माणूस बोलणारा. चौघं बोलायला लागले की पाय चेंगरतो. उंबरा उतरताना तिजोरीच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहू नये, मग तो कितीही पैलवान असो.

गवंडी बोलावण्याआधी मला फोटो पाठवा: दार समोरून, बिजागऱ्या, तळाची भोकं, नव्या खोलीचा कोपरा, आणि एक तुटकी फरशी असेल तर तिच्याखालचा थर. किल्लीचा फोटो मात्र पाठवू नका, मलाही नको. नुसत्या फोटोवरून किल्ली बनवता येते.